जागा एक, गोलकीपरची

महूच्या त्या मैदानावर गवत नाही, मुरूम आहे.
तिथे गोलकीपर होणं म्हणजे
कोपराची कातडी दर रविवारी नव्यानं उगवणं.
मी कठड्यावर बसलो, गुडघ्यावर वही,
आणि अश्वघोष वानखेडे या नावापुढे लिहिलं :
उंची कमी.
पण चेंडू निघायच्या आधी निघतो.

तेवीस वर्षं मी हेच करतोय.
इंदूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात
खेळाडूंसाठी दरसाल चार जागा,
आणि त्या चार जागांवर प्रवेश समितीचे नऊ जण
असे डोळा ठेवून असतात
की जणू मी पंगतीत बिनआमंत्रणाची माणसं बसवतोय.

"गणितात एकाहत्तर," लघाटे मॅडमनी चष्मा काढला.
त्यांनी चष्मा काढला की विषय संपलेला असतो.
"पंच्याहत्तरच्या खाली नाही, शेवडे.
तुम्ही रविवारची मॅच बघता.
सोमवारी वर्गात काय होतं, ते मी बघते."
मी म्हणालो, पेनल्टीचा कोन हा पोरगा डोळ्यांनी मोजतो.
"मग कागदावर मोजू दे."

तरी गेलो त्याच्या घरी.
वडील वर्द्या शिवतात, पलटणीच्या.
भिंतीवर खिळ्याला हवालदारांच्या फिती, तीन-तीन रेघांच्या,
अजून कुणाच्याच दंडावर न चढलेल्या.
आईनं शेव-परमल दिलं, वर कांदा, लिंबू.
कळलं की दुसऱ्या कॉलेजचा माणूस
परवाच येऊन गेला होता.
हजेरी माफ, मोटारसायकल,
आणि परीक्षेचं काय ते आम्ही बघू, भिया.

माझ्याकडे मोटारसायकल नव्हती.
माझ्याकडे तर जागाही नव्हती अजून.

पोरानं विचारलं,
"सर, तुम्ही आधी नेलेले आता कुठे आहेत?"
मी पुष्कर दिघेचं सांगितलं. स्टॉपर. आता धरणांची कामं बघतो,
दिवाळीला फोन करतो.
"आणि बाकीचे?"

बाकीचे.
शिवणयंत्र चालू होतं, म्हणून थोडा वेळ मिळाला.
मग म्हणालो, तन्मय होता एक. लेफ्ट विंग.
तीन सत्रं, अकरा विषय राहिलेले.
एका सकाळी खोली रिकामी.
त्याचे बूट माझ्या कपाटात आहेत अजून,
तळव्यांत आमच्याच मैदानाची माती.
मीच आणला होता त्याला,
असाच घरी जाऊन,
असंच काहीतरी खाऊन.

यंत्र थांबलं.
वडील सुईत दोरा ओवत राहिले बराच वेळ,
मग वर न बघता म्हणाले,
"हे तुम्ही सांगायला नको होतं, साहेब.
आता हा तिकडेच जायचं म्हणेल."

पुरवणी परीक्षा जुलैत.
रात्री पावणेबाराला फोन थरथरतो :
चौकटीच्या वहीचं पान, कडेला अंगठा,
अंगठ्याला चिकटपट्टी.
"सर, इथं काय चुकतंय?"
मला काय कळणार, मी बी.पी.एड.
मला ऑफसाइड कळतं.

सकाळी पान घेऊन गेलो लघाटे मॅडमकडे.
समितीसाठी नाही, म्हणालो, उगाच.
त्यांनी चष्मा घातला.
लाल पेननं तिसऱ्या ओळीपाशी थांबल्या.
"बरोबर चाललेलं असतं याचं.
चिन्ह न बघताच पुढे पळतो.
उत्तराच्या आधीच निघतो हा."

मी काही बोललो नाही.
खिशातल्या वहीत हेच लिहिलेलं होतं,
कौतुक म्हणून.

"उद्याचं पान आणा," त्या म्हणाल्या,
आणि कुठल्याशा दुसऱ्या गठ्ठ्याकडे वळल्या.
बाहेर मैदानावर माळी चुना मारत होता,
गोलपोस्टपाशी येऊन
रेघ जरा वाकडी गेली होती त्याची.